मोठ्या आकड्याखालचा लहान आकडा

गेल्या लेखांकात ग्राफिक कार्डाचा हिशेब मांडला होता. त्या कार्डाने केलेलं काम शेवटी दिसतं ते मॉनिटरवर, आणि मॉनिटर घेताना बहुतेक जण एकच आकडा विचारतात: १४४, १६५ की १८० हर्ट्झ? जितका मोठा तितका भारी, असा सरळ समज असतो. या आठवड्यात मला दुसऱ्याच एका आकड्याबद्दल सांगायचं आहे. तो खोक्यावर ठळक छापलेला नसतो, आणि बेताच्या बजेटमध्ये गेमिंग करणाऱ्याला त्याचंच मोल अधिक असतं.

गेमिंगचे तीन-चार मॉनिटर शेजारी शेजारी चालू करून डोळ्यांनी पारखायचे, तर नळदुर्गकरांना सोलापूर गाठावं लागतं. ते जमलं नाही तर ऑनलाइन मागवायचं, म्हणजे माहितीपत्रकाच्या भरवशावर पैसे मोजायचे. म्हणून ते पत्रक नीट वाचता आलं पाहिजे.

६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला ६० वेळा, म्हणजे साधारण दर १६.७ मिलिसेकंदांनी, पडदा वरून खाली नव्याने रंगवतो. त्याची वेळ ठरलेली. ग्राफिक कार्डाचं तसं नाही. गेममध्ये रिकाम्या गल्लीत उभे असाल तर एक फ्रेम १० मिलिसेकंदांत तयार होते. समोर स्फोट झाला, धूर पसरला की त्याच कार्डाला २० लागतात. पडदा निम्मा रंगवून झालेला असताना नवी फ्रेम येऊन धडकली, तर वरचा भाग जुन्या चित्राचा राहतो आणि खालचा नव्या चित्राचा. झटकन वळलं की समोरची भिंत आडवी चिरलेली दिसते. हे टेअरिंग.

त्यावरचा जुना उपाय व्ही-सिंक. मॉनिटरची फेरी पुरी होईपर्यंत कार्डाने थांबायचं. चिरणं थांबतं, पण २० मिलिसेकंदांत तयार झालेल्या फ्रेमची १६.७ ची वेळ हुकलेली असते, म्हणून ती ३३.३ पर्यंत ताटकळते. साध्या व्ही-सिंकमध्ये ५० फ्रेम देण्याची ताकद असलेलं कार्ड पडद्यावर ३० फ्रेमच देतं. चाल अडखळते, माउस जड वाटायला लागतो. महागड्या कार्डवाल्याला याची झळ फारशी लागत नाही, कारण त्याच्या फ्रेम वेळेआधीच तयार असतात. झळ लागते ती ४५ ते ६० फ्रेमच्या मध्ये झुलणाऱ्या साध्या कार्डाला. आपल्याकडे कितीतरी पोरांची कार्डं याच पट्ट्यात चालतात.

अडॅप्टिव्ह सिंकने ही सक्तीच उलटी केली. कार्डाने मॉनिटरसाठी थांबायचं नाही, मॉनिटरने कार्डासाठी थांबायचं. फ्रेम २० मिलिसेकंदांनी आली तर पडदा तेवढ्या वेळापुरता ५० हर्ट्झचा होतो, १० मिलिसेकंदांनी आली तर १०० चा. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर १६१३ मध्ये, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, जो बंधारा बांधला त्याचे नर-मादी धबधबे पावसाळ्यात असेच वाहतात: वरून येईल तेवढं पाणी पुढे जातं, ठरल्या वेळी दार उघडायला कुणी लागत नाही. आणि पाण्याची पातळी एका उंचीखाली गेली की धबधबा थांबतो. मॉनिटरलाही अशी खालची मर्यादा असते. मघाशी म्हटलेला लहान आकडा तो हाच.

पत्रकात ‘व्हीआरआर रेंज’ (व्हीआरआर म्हणजे व्हेरिएबल रिफ्रेश रेट, हीच सोय) किंवा ‘फ्रीसिंक रेंज’ अशा नावाने दोन आकडे शोधा. समजा ४८ ते ७५ लिहिलं आहे. गेम ४० फ्रेमवर आला की मॉनिटर पट्ट्याच्या बाहेर पडतो. पुन्हा चिरणं किंवा अडखळणं सुरू. म्हणजे मदत लागते नेमकी तेव्हाच ती नाहीशी होते. आता ४८ ते १४४ चा मॉनिटर घ्या. तिथेही ४० ही संख्या खालच्या मर्यादेच्या खालीच आहे, पण तो प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवून पडदा ८० हर्ट्झवर चालवू शकतो. ७५ च्या मॉनिटरला ८० गाठताच येत नाही, म्हणून ही सोय त्याला नाही. तिचं नाव लो फ्रेमरेट कॉम्पेन्सेशन, आणि त्यासाठी वरचा आकडा खालच्याच्या किमान दुप्पट लागतो. थोडा जास्त असला तर उत्तम. माझ्या मते १४४ हर्ट्झचं खरं कारण हेच आहे. तुमचं कार्ड १४४ फ्रेम कधीच देणार नसलं तरी तो मॉनिटर घ्यावा, कारण ४० फ्रेमचा गेमही त्यावर सलग चालतो. १४४ वरून १८० वर जाण्यासाठी मात्र साध्या कार्डवाल्याने जादा पैसे देऊ नयेत.

एकाच सोयीच्या इतक्या नावांचा गोंधळ इतिहासातून आला. एनव्हिडियाने ऑक्टोबर २०१३ मध्ये जी-सिंक जाहीर केलं. त्यासाठी मॉनिटरमध्ये कंपनीचा वेगळा मॉड्यूल बसवावा लागे आणि किंमत चढे. २०१४ मध्ये व्हेसा या मानक ठरवणाऱ्या संस्थेने अडॅप्टिव्ह-सिंक डिस्प्लेपोर्ट १.२ए मध्ये घेतलं. त्याच पायावर एएमडीच्या फ्रीसिंकचे मॉनिटर २०१५ मध्ये बाजारात आले, वेगळ्या मॉड्यूलशिवाय. जानेवारी २०१९ मध्ये एनव्हिडियानेही आपल्या जीटीएक्स १० मालिकेपासूनच्या कार्डांना अशा मॉनिटरवर ही सोय खुली केली. तेव्हा एनव्हिडियाचं कार्ड आहे म्हणून फ्रीसिंकचा मॉनिटर नाकारण्याचं आता कारण उरलेलं नाही.

फक्त तार बघा. त्या १० मालिकेच्या कार्डांवर ही सोय डिस्प्लेपोर्टमधूनच मिळते, आणि खोक्यात अनेकदा एचडीएमआयचीच केबल निघते. डिस्प्लेपोर्टची केबल सोबतच मागवा; नाहीतर ज्यासाठी पैसे दिले तेच बंद राहील. प्लेस्टेशन ५ ला उलट एचडीएमआय २.१ चं व्हीआरआर लागतं, तेव्हा तिथे मॉनिटरवरचा तो पोर्ट तपासायचा.

पॅनेलबद्दल थोडक्यात. व्हीए आणि ओएलईडी पॅनेलवर काळा रंग सुरेख दिसतो, पण फ्रेमचा वेग झपाट्याने वरखाली झाला की अंधाऱ्या दृश्यांत उजेड लुकलुकू शकतो. फ्रेम सतत झुलत असतील तर आयपीएस घ्या, असं मी आग्रहाने सांगेन. मॉनिटरच्या मेनूत ‘ओव्हरड्राइव्ह’ किंवा ‘रिस्पॉन्स टाइम’ असेल तो सगळ्यात वेगवान पायरीवर ठेवू नका. १४४ ला जुळवलेली ती पायरी ५० हर्ट्झवर हलत्या वस्तूमागे उजळ सावली सोडते.

मॉनिटर घरी आला की त्याच दिवशी तीन कामं करा. मॉनिटरच्या मेनूत अडॅप्टिव्ह सिंक किंवा फ्रीसिंक चालू करा. काही मॉनिटरमध्ये ते बंद असतं. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन वेग ६० वरच अडकला नाही ना ते बघा आणि १४४ निवडा. मग कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये सोय चालू करून गेमला कमाल १४० फ्रेमची मर्यादा घाला, म्हणजे वरच्या टोकालाही पट्टा सुटत नाही. एवढं झाल्यावर सगळ्यात जड गेम सर्वांत जड सेटिंगवर लावा, फ्रेम मुद्दाम ४० पर्यंत उतरवा आणि भिंतीकडे बघत सावकाश वळा. चीर किंवा लुकलुक दिसली तर परतीची मुदत संपायच्या आत मॉनिटर परत पाठवा.