मुरूम टाकला, पण रोलर?

भवानीनगर किंवा माळेगावच्या कारखान्याला निघालेली तुमची उसाची ट्रॉली अवकाळी पावसात शेताच्या वाटेवरच रुतली, तर तोटा कोणाचा? ऊस वाळतो, वजन तुमचेच घटते. तेव्हा वाट मुरमाची करताना यंत्रे विचाराने निवडा.

नीरा डाव्या कालव्याखालची आपली काळी जमीन ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. तिच्यावर नुसता ओतलेला मुरूम पावसात चिखलात जातो. वरची माती काढायला व कडेचे चर खणायला जेसीबी हवाच. पण त्याचे भाडे तासावर. आधी दोरी मारून फक्की टाका, मगच बोलवा. मुरूम पसरायला ट्रॅक्टरची मागची फळी पुरते.

बहुतेकांचा पैसा इथेच संपतो. "ट्रॅक्टर फिरवून दाबून घेऊ," म्हणतात. अहो, चाके फक्त चाकोरी दाबतात आणि तिथेच पाणी साचते! जेसीबीचे २ तास कमी करा, पण ८-१० टनी रोलर व पाण्याचा टँकर घ्याच. शेजारी मिळून आणलात तर ने-आणीचा खर्च वाटला जातो.

४-४ इंचांचे दोन थर द्या. दबून ६ इंच होतात. ओलावा इतकाच, की मुठीत गोळा व्हावा, तळहात भिजू नये. १० फुटी वाटेचा मध्य ३ इंच उंच ठेवा. १०० फुटांना सुमारे पावणेसात ब्रास मुरूम लागेल. उचलण्याआधी तहसील कचेरीचा परवाना काढा.

काम एप्रिल-मेमध्ये धरा. गाळप चालू असताना ट्रॉली रिकामी मिळत नाही.