पैनगंगेच्या अलीकडे थांबलेली गाडी

रेल्वेच्या तिकिटावर हे गाव ‘हिंगोली डेक्कन’ असतं. हैदराबादच्या नामपल्ली स्टेशनालाही हीच शेपटी आहे, आणि हे साम्य उगाच नाही. हिंगोलीचा रूळ त्याच घरचा.

गाव मुळात छावणीचं. निजामाच्या खर्चानं आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीत चालणारी हैदराबाद कंटिंजंट फौज इथे होती. पलटण, रिसाला बाजार, तोफखाना, पेन्शनपुरा ही मोहल्ल्यांची नावं आजही तेच सांगतात. ठगांवरच्या कादंबरीमुळे पुढे गाजलेला मेडोज टेलर तरुणपणी इथेच नोकरीला होता. गावातला एक प्रतिष्ठित व्यापारी, ज्याच्याशी त्याचीही देवघेव झालेली होती, तो ठगांचा म्होरक्या निघाल्याचं त्यानं लिहून ठेवलं आहे. 1903 मध्ये छावणी मोडली. म्हणजे तोफा ओढायला बैल लागत होते तेव्हा रेल्वे नव्हती. ती आली 1912 मध्ये, आणि आली ती कापसासाठी.

निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वेची हैदराबाद–मनमाड मीटरगेज लाइन 1900च्या सुमारास पुरी झाली होती. तिच्यावरच्या पूर्णा स्टेशनातून उत्तरेकडे, बसमत, बोल्डा, नांदापूर करत, सुमारे 80 किलोमीटरचा फाटा काढला गेला. तो हिंगोलीला येऊन संपला. का संपला, याचं उत्तर नकाशात आहे. हिंगोलीच्या उत्तरेला पैनगंगा, आणि नदीपलीकडे वऱ्हाड. वऱ्हाड नावाला निजामाचंच. कारभार मात्र 1853 पासून इंग्रजांचा. अलीकडे निजामाचा हाली सिक्का आणि हैदराबाद संस्थानची करोडगिरी, म्हणजे जकात; पलीकडे इंग्रजी कलदार रुपया आणि वेगळा कायदा. वाशीमच्या वाटेवरच्या गावाला कन्हेरगाव नाका म्हणतात. त्यातला ‘नाका’ सहज चिकटला असेल असं मला वाटत नाही.

या एका नदीनं काय अंतर पाडलं ते पाहा. अकोला हिंगोलीहून आज रेल्वेनं 130 किलोमीटरच्या आतबाहेर आहे, आणि मुंबई–नागपूर लोहमार्गावरच्या त्या गावात गाडी 1860च्या दशकातच धावू लागली होती. पण 1912 नंतरही हिंगोलीकराला रुळावरूनच अकोल्याला जायचं तर आधी दक्षिणेला पूर्णा, मग परभणी, औरंगाबाद, मनमाड, तिथे गाडी बदलून भुसावळ, आणि मग अकोला. बेरीज सातशे किलोमीटरच्या वर जाते! शहाणा माणूस अर्थातच बैलगाडी जुंपत असणार.

माणूस निदान आपल्या पायांनी गाडी बदलतो. कापसाच्या गासडीचं तसं नाही. दाबून बांधलेली मुंबईच्या बाजाराची गासडी 392 पौंडांची, म्हणजे पावणेदोन क्विंटलहून थोडी जास्तच. निजामाचा रूळ 1,000 मिलिमीटर रुंद, मनमाडचा ब्रॉडगेज 1,676. फरक जेमतेम दीड हाताचा. तेवढ्यासाठी मुंबईला जाणारी गासडी मनमाडला एका वाघिणीतून उतरवून दुसरीत चढवायची.

1948 मध्ये संस्थान गेलं, 1956 मध्ये मराठवाडा आणि विदर्भ एकाच मुंबई राज्यात आले. मग 1960च्या आसपास रूळ पैनगंगा ओलांडून वाशीम, अकोला करत खांडव्याला भिडला. वाटेत मेळघाटात धुळघाटला चढ इतका अवघड, की रुळाला गोल वळसा देऊन त्याच्याच वरून नेलं. खांडव्याहून इंदूर, अजमेरकडे मीटरगेज आधीपासून होतीच. त्यामुळे देशाचं उत्तरेचं आणि दक्षिणेचं मीटरगेज जाळं या रुळानं सांधलं गेलं. जयपूर–काचीगुडा मीनाक्षी एक्सप्रेस हिंगोलीवरून जाऊ लागली. पन्नासेक वर्षं जिथे गाडी संपायची, तिथे राजस्थानी फेटे आणि तेलुगू बोलणी एकाच डब्यात दिसू लागली.

ब्रॉडगेज आलं 2008 मध्ये, पूर्णा ते अकोला. मीटरगेजचे डबे त्या रुळावर चालणं शक्यच नव्हतं. अकोल्यापुढचा अरुंद रूळ काही वर्षं तग धरून राहिला. जानेवारी 2017 पासून तोही बंद झाला. अकोट ते अकोला रुंद रुळावर गाडी 2022 मध्ये सुरू झाली, मेळघाटातला जुना मार्ग मात्र वाघांच्या प्रकल्पामुळे सोडून वळसा घ्यायचं ठरलं.

इकडे 2024 मध्ये मुंबई–जालना जनशताब्दी हिंगोलीपर्यंत वाढवली गेली. मुंबईहून निघालेली ही गाडी पूर्णेवरून, त्याच 1912च्या फाट्यावरून येते, आणि हिंगोलीला आली की पुढे जात नाही.