वादळ आलं घरी!

‘तिकडे पाऊस आहे का गं?’ ३ जून २०२०च्या सकाळी ऑफिसच्या कॉलवर बॉसनं विचारलं. ‘आहे थोडासा,’ मी म्हटलं. एवढं बोलेपर्यंत लाइट गेली आणि कॉलही. ती लाइट थेट जुलैत आली!

लॉकडाऊन लागता लागता मी मुंबईच्या फ्लॅटला कुलूप लावून लॅपटॉपसकट श्रीवर्धनला येऊन धडकले होते. ओटीवरच्या झोपाळ्यावर बसून प्रेझेंटेशन्स बनवायची, दुपारी आंबे हाणायचे, असं झकास चाललं होतं. घराच्या मागे, समुद्राच्या बाजूला बाबांची वाडी. नारळ थोडे, पोफळी जास्त. पोफळ म्हणजे सुपारीचं झाड, आणि आमची श्रीवर्धनची रोठा सुपारी म्हणजे काय चीज आहे ते सुपारी खाणाऱ्याला विचारा.

वादळ येणार हे दोन दिवस आधीच कळलं होतं. ‘निसर्ग’ हे नाव बांगलादेशनं सुचवलेलं. इतकं गोंडस नाव असलेलं वादळ करून करून काय करणार, असं मला वाटलं. मी फोन, लॅपटॉप, पॉवर बँक सगळं फुल्ल चार्ज केलं. आईनं मात्र पिंपं, हंडे, कळश्या, अगदी पातेलीसुद्धा पाण्यानं भरून ठेवली. बाबांनी सातबारा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळला. मी हसले होते, हे कबूल.

दुपारी आम्ही चौघं माजघरात बसलो. चारी बाजूंनी खोल्या, त्यामुळे घरातली सगळ्यात भक्कम जागा तीच, हे आजीचं लॉजिक. वाऱ्याचा आवाज कसा? पहिल्या गिअरवर घाट चढणारी एसटी डोक्यावरून चाललीय आणि घाट काही संपत नाही, तसा. मग कौलं उडायला लागली. आधी एकेक, मग पत्ते पिसावेत तशी ओळच्या ओळ. कायम अंधाऱ्या असलेल्या माजघरात एकदम भगभगीत उजेड आला आणि पाठोपाठ पाऊस.

बाबा मागच्या दाराकडे निघाले. ‘बाबा, कुठे चाललात?’ मी ओरडले. आजीनं नुसता त्यांचा हात धरला. ‘बस खाली. झाडं तुझ्यासाठी थांबणार नाहीत.’ साठीचे बाबा शाळकरी पोरासारखे खाली बसले. वाडीत पोफळ मोडली की ‘काड्’ असा आवाज यायचा. पहिल्या दहा-बारा त्यांनी मोठ्यानं मोजल्या. मग मोजायचे थांबले. आवाज मात्र येतच होते.

मध्येच वाऱ्यानं बाजू बदलली. आपल्याकडे चक्रीवादळातला वारा घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतो. केंद्र आमच्या उत्तरेला, अलिबागच्या दक्षिणेकडे किनाऱ्यावर चढलं. म्हणून आमच्याकडे तो आधी डोंगराकडून आला आणि मग समुद्राकडून. ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगानं. हे सगळं ज्ञान नंतरचं हं! तेव्हा कळलं ते इतकंच, की ज्या भिंतीला पाठ लावून आपण निवांत बसलोय, तीच आता हलतेय.

संध्याकाळी मागचं दार कसंबसं ढकलून उघडलं, तर समोर समुद्र. माझ्या आख्ख्या आयुष्यात त्या दारातून समुद्र कधी दिसला नव्हता.

बाबा काहीच बोलले नाहीत. मी त्यांना दरवर्षी सांगायचे, ‘वाडी विका, पनवेलला मस्त फ्लॅट घेऊ.’ त्या दिवशी तोंडून शब्द निघेना. पोफळ धरायलाच पाच-सात वर्षं लागतात.

पंप बंद, विहिरीत पालापाचोळा. चार दिवस आईच्या पातेल्यांनी तारलं. माझी पॉवर बँक आम्ही बॅटरी म्हणून वापरली, कारण रेंजच नव्हती. आठवड्यानं रेंज मिळाली तेव्हा फोनवर बॉसचे बावीस मेसेज. शेवटचा होता, ‘प्रेझेंटेशनचं काय झालं?’ रजेच्या फॉर्मवर कारणाच्या यादीत वादळ नव्हतं. मी ‘वैयक्तिक’वर टिक केली.

मे २०२१मध्ये ‘तौक्ते’ आलं तेव्हा मी गावीच होते. या वेळी पातेली मी भरली. ते वादळ समुद्रातूनच वर गुजरातकडे सरकलं, तरी वारा होताच. बाबांनी नवीन लावलेली पोफळीची रोपं तेव्हा जेमतेम गुडघ्याएवढी होती. पहाटे बाबा बॅटरी घेऊन वाडीत गेले, मी मागोमाग. या वेळी त्यांनी शेवटपर्यंत मोजलं.