दिनविशेष : लहान मुलांना रोज थोडा इतिहास सांगताना

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला –
• दिनविशेषाची नोंद आणि ऐतिहासिक कथन यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• एखाद्या तारखेचा मुलांच्या परिसराशी असलेला संबंध शोधता येईल.
• सहा ते दहा वर्षे वयाच्या मुलांसाठी पाच-सहा वाक्यांचे सुबोध कथन लिहिता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, महाराष्ट्रातील शाळांचा दिवस परिपाठाने सुरू होतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार, बोधकथा यांच्या जोडीने त्यात दिनविशेषालाही स्थान असते. एखादा विद्यार्थी वही घेऊन पुढे येतो, दोन-तीन नोंदी वाचतो आणि रांगेत परत जातो. वाचणाऱ्याचे लक्ष उच्चारांकडे असते, तर ऐकणाऱ्यांचे परिपाठ कधी संपतो याकडे. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केले, हे मुले दरवर्षी ऐकतात. परंतु वर्तमानपत्र नव्हते तेव्हा लोकांना बातमी कशी कळत असे, हा प्रश्न त्यांच्या मनात क्वचितच उमटतो.

तुमच्यापैकी काही जण शिक्षक असतील, काही अंगणवाडीत काम करीत असतील, काही जण घरी मुलांचा अभ्यास घेत असतील. रोजच्या या दोन मिनिटांतून मुलांच्या हाती काय पडावे, याचा विचार आपण या घटकात करणार आहोत. त्यासाठी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील कन्नड तालुक्याची उदाहरणे घेऊ.

२. एक घाट, दोन तारखा

कन्नड हे मराठवाड्याच्या पठारावरील गाव. औट्रम घाट उतरला की खानदेशातील चाळीसगाव लागते. १९४७ साली या घाटाच्या वर आणि खाली दोन निराळ्या राजवटी होत्या. चाळीसगाव मुंबई प्रांतातील पूर्व खानदेश जिल्ह्यात, ब्रिटिश अमलाखाली होते. कन्नड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. त्यामुळे १५ ऑगस्ट १९४७ रोजी चाळीसगाव स्वतंत्र झाले, कन्नड मात्र झाले नाही. संस्थानात तिरंगा फडकवणाऱ्यांना अटक होत होती. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली हैदराबाद स्टेट काँग्रेसचा लढा चालू राहिला. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ सप्टेंबर रोजी निजामाने शरणागती पत्करली. घाटाखालच्या आणि घाटावरच्या स्वातंत्र्यात तेरा महिन्यांचे अंतर पडले.

आता विचार करा. ‘१५ ऑगस्ट १९४७ : भारत स्वतंत्र झाला’ ही नोंद खरी आहे, परंतु कन्नडच्या मुलाला ती एवढ्यावरच सांगितली, तर त्याच्या गावाची गोष्ट तिच्यातून निसटते. दोन्ही तारखा शेजारी ठेवल्या, तर मूल आपोआप विचारते, “मग आपल्याकडे उशीर का झाला?” असा प्रश्न मुलाच्या तोंडून निघणे हेच दिनविशेषाचे खरे फलित होय.

३. नोंद आणि कथन

पुढील दोन उतारे ताडून पाहा.

(अ) नोंद : १७ सप्टेंबर १९४८ – मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. हैदराबाद संस्थान भारतात विलीन.

(आ) कथन : “आज ज्या आजीचे वय पंच्याऐंशीच्या घरात आहे, ती तेव्हा तुमच्याएवढी होती. घाटाखाली चाळीसगावात तिरंगा फडकत होता, पण आपल्याकडे निजामाचे राज्य होते. इथे कोणी तो झेंडा लावला, तर त्याला पकडून नेत. तरीही लोकांनी हार मानली नाही. ते तेरा महिने लढत राहिले. शेवटी भारताचे सैन्य आले आणि १७ सप्टेंबरला निजामाने हार मानली. म्हणून आपल्याकडे ऑगस्टमध्ये एकदा आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा एकदा झेंडावंदन होते.”

पहिल्या उताऱ्यात एकही क्रियापद नाही. ‘मुक्तिसंग्राम’, ‘संस्थान’, ‘विलीन’ हे तीन जड संस्कृत शब्द एकापाठोपाठ येतात आणि कोणी काय केले ते कळत नाही. दुसऱ्या उताऱ्यात माणसे आहेत आणि त्यांच्या कृती आहेत. ‘पण’, ‘तर’, ‘तरीही’, ‘म्हणून’ ही अव्यये तेथे कार्यकारणभाव वाहून नेतात. इतिहास म्हणजे घटनांमधील संबंध, आणि भाषेत तो संबंध बहुधा अशा छोट्या शब्दांतूनच व्यक्त होतो. नोंदीतून हे शब्द गळाले की उरते ती केवळ यादी.

कालगणनेचीही अडचण असते. सात वर्षांच्या मुलाला ‘१९४८’ आणि ‘१६४८’ हे दोन्ही आकडे सारखेच दूरचे वाटतात. म्हणून आजीच्या वयाचा आधार घेतला आहे. वर्ष सांगावे, परंतु त्याआधी मुलाला ओळखीचे माप द्यावे.

४. शब्दांची जबाबदारी

मुक्तिसंग्रामाचे कथन करताना एक दक्षता अत्यावश्यक आहे. निजाम आणि रझाकार यांच्याविषयी बोलताना एखादे सैल वाक्य ‘त्यांचे राज्य गेले, आपले आले’ अशा थाटाचे होऊन जाते. ऐकणाऱ्या रांगेत हिंदू मुले असतात, तशीच मुसलमान मुलेही असतात. ‘ते’ म्हणजे आपण, असे त्यांपैकी एकाही मुलाला वाटले, तर आपल्या दोन मिनिटांनी मोठे नुकसान केले असे समजावे.

येथे नेमकी माहितीच उपयोगी पडते. हैदराबादच्या ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी संस्थानाने भारतात सामील व्हावे, अशी उघड भूमिका घेतली. त्यासाठी ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांची हत्या झाली. लहान मुलांसमोर हत्येचे वर्णन करू नये. परंतु ‘एका संपादकाने न घाबरता खरे मत लिहिले’ एवढे अवश्य सांगावे. लढा जुलमी राजवटीविरुद्ध होता, कोणत्याही धर्माविरुद्ध नव्हता, हे त्यातून उपदेशावाचून कळते.

५. तारीख नसलेला इतिहास

प्रत्येक दिवसाला परिसरातील घटना सापडेलच असे नाही. अशा वेळी दूरच्या नोंदी गोळा करण्यापेक्षा तारीख नसलेला जवळचा इतिहास सांगावा. कन्नड तालुक्यातील पितळखोऱ्याची बौद्ध लेणी दोन हजार वर्षांहून जुनी आहेत. तेथे सापडलेल्या एका यक्षमूर्तीवर ती ‘कण्हदास’ नावाच्या सोनाराने घडवल्याचा प्राकृत लेख आहे. तेथील दुसऱ्या एका लेखात ‘पतिठाण’, म्हणजे पैठण येथील दात्याचा उल्लेख येतो. ‘कण्ह’ आणि आपला ‘कान्हा’, ‘पतिठाण’ आणि ‘पैठण’ यांतील नाते भाषेचे अभ्यासक म्हणून तुमच्या लक्षात येईलच. मुलांना एवढेच सांगा : आपल्या डोंगरात एका कारागिराने मूर्ती घडवली आणि तुम्ही चित्राखाली नाव लिहिता, तसे त्याने तिच्यावर आपले नाव कोरले.

६. पडताळणी

दिनविशेषांच्या तयार याद्या मोबाइलवर सर्वत्र फिरतात. त्यांतील नोंद किमान दोन विश्वसनीय ग्रंथांत पाहिल्याखेरीज सांगू नये. पंचांगातील तिथी आणि इंग्रजी तारीख यांतील भेदही ध्यानात ठेवावा. शिवजयंती शासकीय स्तरावर १९ फेब्रुवारीला होते, तर काही ठिकाणी ती तिथीनुसार साजरी करतात. मुलांनी विचारले, तर ‘दिवस मोजण्याच्या दोन पद्धती आहेत’ असे सरळ सांगावे. एखादे उत्तर येत नसेल, तर ‘उद्या पाहून सांगतो’ म्हणावे, आणि दुसऱ्या दिवशी आठवणीने सांगावे.

सारांश

दिनविशेषातील तारीख हे केवळ दार आहे. दररोज एकच घटना निवडावी, ती पडताळावी, मुलाच्या गावाशी जोडावी, क्रियापदे आणि अव्यये यांना पुरेसा वाव देऊन सांगावी आणि प्रश्नासाठी जागा सोडावी.

स्वाध्याय

१. ‘१ मे १९६० – महाराष्ट्र राज्याची स्थापना’ या नोंदीचे सहा वाक्यांत कथन करा. वापरलेली उभयान्वयी अव्यये अधोरेखित करा.
२. तुमच्या गावात १७ सप्टेंबर १९४८ पूर्वी कोणाची राजवट होती, ते वयोवृद्धांकडून व ग्रंथांतून शोधा आणि मुलांसाठी लिहा.
३. क्षेत्रीय कार्य : परिसरातील एखादे लेणे, बारव, किल्ला किंवा शिलालेख पाहून तारीख नसलेल्या इतिहासाचे एक कथन तयार करा. ते एखाद्या मुलाला सांगा आणि त्याने विचारलेला पहिला प्रश्न नोंदवून ठेवा.