शंभर दाणे, अठ्ठावन्न कोंब : मुलांना विज्ञान शिकवायला महागडं किट लागतंच का?

जून आला की आपल्याकडं दोन खर्च एकदम उभे राहतात, बियाण्याचा आणि शाळेचा. शाळेच्या खर्चात आता 'स्टेम' हे नाव ऐकू येतंय. म्हणजे सायन्स, टेक्नॉलॉजी, इंजिनिअरिंग आणि मॅथ्स एकत्र, हातानं करून शिकायचं. कल्पना चांगली आहे. प्रश्न पैशाचा आहे.

गेल्या वर्षी मीही मुलीला तालुक्याच्या गावी रोबोटिक्सच्या क्लासला घातलं. साडेचार हजार भरले. शेवटच्या दिवशी गाडी चालली, टाळ्या पडल्या. पण गाडी का चालली, हे पोरीला सांगता येईना. किट घरी आणायला परवानगी नव्हती.

गोणपाटावरचा प्रयोग

यंदा घरचं सोयाबीन पेरायचं होतं. पोरगी चौथीत, जिल्हा परिषद शाळेत. तिला शंभर दाणे मोजायला लावले. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडल्या, गुंडाळून सावलीत ठेवलं, रोज पाणी शिंपडलं. सहाव्या दिवशी तिनं कोंब मोजले, 58. मला पटेना, परत मोजायला लावलं. तेवढेच.

सोयाबीनची उगवण किमान 70 टक्के हवी. कमी असेल तर बियाणं वाढवावं लागतं. मी ते बियाणं बाजूला ठेवलं, दुसरं आणलं. दुबार पेरणी टळली म्हणायची. टक्केवारी म्हणजे काय, हे तिला वेगळं शिकवावं लागलं नाही.

हे आपल्याच मातीतलं आहे

कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कराड तालुक्यातल्या काले इथं रयत शिक्षण संस्था सुरू केली. कष्ट आणि शिक्षण हातात हात घालून, हा 'कमवा व शिका'चा विचार तिथलाच. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम काढला, तिथंही कामातूनच शिकवतात.

अलीकडचं उदाहरण सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटचं. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकारानं तिथल्या जिल्हा परिषद शाळांत पोरं खडे, काड्या, मण्यांच्या माळा घेऊन, जमिनीवर आखलेल्या आकृत्यांवर बसून गणित शिकू लागली. राज्यभरातून शिक्षक बघायला आले. साहित्य गावातलंच होतं.

घरी काय करता येईल?

- ठिबक मोजा : ताशी 4 लिटरच्या ड्रिपरखाली 15 मिनिटं भांडं ठेवा. एक लिटर भरलं पाहिजे. शेवटच्या टोकाला कमी भरलं तर का, हे मुलांनाच शोधू द्या.
- पाऊस मोजा : सरळ कडांचा डबा उघड्यावर ठेवा, पट्टीनं मोजा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका गुंठ्यावर साधारण 100 लिटर पाणी.
- गुंठा आखा : 33 फुटांची दोरी घ्या, चौकोन आखा. क्षेत्रफळ पायाखाली समजतं.

एक खबरदारी : विजेचा प्रयोग फक्त सेल आणि टॉर्चच्या बल्बवर. मोटारीचा स्टार्टर, घरचा बोर्ड पोरांच्या हाती देऊ नका.

शाळेत काय विचारायचं?

सहावीपासून पुढं 'अटल टिंकरिंग लॅब' ही सरकारी योजना आहे. मंजूर शाळेला 20 लाखांपर्यंत अनुदान मिळतं. तुमच्या शाळेत लॅब असेल तर मुख्याध्यापकांना एवढंच विचारा : पोरं आठवड्यातून किती तास हात लावतात, की कुलूपच असतं? 'इन्स्पायर मानक'मध्ये निवड झालेल्या मुलाला प्रकल्पासाठी 10 हजार रुपये मिळतात, त्यासाठी नाव शाळेकडूनच जातं. नव्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना आहेत. त्या दिवशी गावातला सुतार, गवंडी, वायरमन शाळेत बोलवा, असं पालकांनी शाळा व्यवस्थापन समितीत मांडावं.

क्लास वाईट असतो असं नाही. पण पैसे भरायच्या आधी दोन गोष्टी विचारा. पोरगं स्वतः जोडणार की नुसतं बघणार? आणि चुकलं तर परत करू देणार का?

आमच्या घरी आता पोरगी भुईमुगाचे शंभर दाणे मागतेय. द्यावे लागणार.