आलेख-विदागारांच्या पृच्छाभाषा : अभिव्यक्तिक्षमता

आलेखाच्या स्वरूपात साठविलेल्या माहितीतून हवी ती माहिती मिळविण्यासाठी प्रश्न मांडण्याच्या संगणकीय भाषांना आलेख-विदागारांच्या पृच्छाभाषा म्हणतात. शिरोबिंदू व त्यांना जोडणाऱ्या कडा मिळून आलेख बनतो; उदा., वाहतुकीच्या आलेखात गावे हे शिरोबिंदू व त्यांमधील रेल्वे किंवा बस सेवा या कडा असतात. एखाद्या भाषेत कोणते प्रश्न मांडता येतात व कोणते मुळीच मांडता येत नाहीत, यावरून तिची अभिव्यक्तिक्षमता ठरते.

ई. एफ्. कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या संबंधी प्रतिमानात माहिती कोष्टकांत ठेवतात. त्याच्या बीजगणितात एक, दोन किंवा दहा वेळा गाडी बदलून कोठे पोहोचता येईल, हा प्रश्न मांडता येतो. ‘कितीही वेळा बदलून’ हा प्रश्न मात्र त्यात मांडता येत नाही, असे ए. व्ही. एहो व जे. डी. उल्मन यांनी १९७९ मध्ये दाखविले. सूत्र ठराविक पायऱ्यांपलीकडे पाहू शकत नाही. मार्ग मात्र कितीही लांब असू शकतो. एसक्यूएल भाषेच्या १९९९ च्या मानकात पुनरावर्ती पृच्छांची सोय करण्यात आली.

आय. एफ्. क्रूझ, ए. ओ. मेंडेल्झन व पी. टी. वुड यांनी १९८७ मध्ये सुचविलेल्या आलेखभाषेत मार्गाचा नमुनाच नियमित राशीने लिहितात, उदा., ‘प्रथम कितीही वेळा रेल्वे, शेवटी एकदा बस’. तो तपासण्यास मर्यादित अवस्थांचे कल्पित यंत्र पुरते व आलेख मोठा असला तरी उत्तर कार्यक्षमतेने मिळते. परंतु अशा यंत्राला अमर्याद मोजणी करता येत नसल्याने ‘रेल्वे व बस यांचे टप्पे समसमान’ ही अट या नमुन्यांत बसत नाही.

क्षमतेबरोबर गणनेचा खर्चही वाढतो. ‘एकही गाव दोनदा न घेता सम संख्येच्या टप्प्यांचा मार्ग आहे काय?’ हा प्रश्न दिशायुक्त आलेखांसाठी एनपी-पूर्ण आहे, म्हणजे सर्व आलेखांवर जलद चालणारी रीत ज्ञात नाही. गाव पुन्हा न घेण्याची अट काढताच तो सोपा होतो. स्पार्कल १.१ च्या मसुद्यात नमुन्याशी जुळणारे मार्ग मोजण्याची तरतूद होती. लहान आलेखांवरही ही मोजणी अव्यवहार्य ठरते, असे २०१२ मध्ये दिसून आले. म्हणून २०१३ च्या अंतिम मानकात कितीही लांबीच्या मार्गांबाबत केवळ मार्ग आहे की नाही, एवढेच पाहिले जाते. जीक्यूएल या २०२४ च्या आंतरराष्ट्रीय मानकात शिरोबिंदू वा कडा पुन्हा न घेणारे किंवा सर्वांत लहान मार्ग, यांतून निवड करण्याची मुभा प्रश्नकर्त्यास दिलेली आहे.