आबकारीची सत्तर वर्षं

ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांतल्या पाड्यांवर मोहाची दारू पूर्वी घरोघरी गाळली जाई. लग्नात, सणात, देवाच्या पूजेत तिला मान होता. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्यानं ही घरची रीत गुन्हा ठरली.

या धोरणाचे सूत्रधार होते ब्रिटिश अधिकारी चार्ल्स प्रिचर्ड. गावोगावच्या भट्ट्या मोडून दारू मोजक्या मोठ्या कारखान्यांत गाळायची, विक्रीचा मक्ता द्यायचा आणि मक्तेदाराकडून ठरावीक रकमेची हमी घ्यायची, अशी ही पद्धत. दारू महाग झाली की पिणं घटेल, असं सरकार सांगे. पण हमीची रक्कम भरायची, तर मक्तेदाराला खप वाढवणं भागच होतं. ताडामाडांवरचा कर इतका चढला की ताडी काढणाऱ्या भंडाऱ्यांचा पिढीजात धंदा मोडकळीला आला. १८९२ च्या कायद्यानं तर या दोन जिल्ह्यांत मोहाची फुलं बाळगण्यावरच निर्बंध आले. टंचाईत गरिबाचं पोट भरणारी ही फुलं. सरकारी तिजोरीपुढे ती भूक कोणी मोजली नाही.

लोकांनी मात्र आपला संयम आपण उभा केला. १८८० मध्ये पुणे नगरपालिकेचे सदस्य असलेल्या जोतीराव फुल्यांनी शहरातल्या दारूच्या दुकानांना लेखी विरोध केला. १८८६ मध्ये ठाणे-कुलाब्यातल्या गावांनी महाग दारूवर बहिष्कार घातला. १९०८ मध्ये पुण्यात टिळकांच्या प्रेरणेनं दारूच्या दुकानांपुढे पिकेटिंग झालं, तेव्हा खटले भरले गेले ते दारू सोडा म्हणणाऱ्या स्वयंसेवकांवर. १९२२ मध्ये अंगात आलेल्या देवीची आज्ञा मानून पालघरपासून सुरतेपर्यंत हजारो आदिवासींनी दारू-ताडी टाकली.

तोवर शेतसाऱ्याच्या खालोखाल आबकारीचं उत्पन्न प्रांताचा आधार झालं होतं. १९१९ च्या सुधारणांनी शिक्षण आणि आबकारी ही दोन्ही खाती भारतीय मंत्र्यांच्या हाती दिली. शाळा वाढवायच्या, तर पैसा दारूतून येणार, असा हा पेच होता. अखेर काँग्रेस मंत्रिमंडळानं आबकारी मंत्री डॉ. गिल्डर यांच्या पुढाकारानं १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी लागू केली. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा आला.

या सत्तर वर्षांचा धडा स्पष्ट आहे. महसुलावर डोळा ठेवून आखलेलं नियंत्रण व्यसन आवरत नाही, गरिबालाच गुन्हेगार बनवतं. दारूबाबत धोरण आखताना पहिला शब्द तिची झळ सोसणाऱ्या गावांचा असला पाहिजे. दारू सोडण्याची ताकद त्यांनी सरकारच्या आधी आणि सरकारच्या विरोधात दाखवली आहे.